शुक्रवारचा आवाज

आमच्या घराला लागूनच आमचा लूमचा, कापडाच्या यंत्रमागांचा, खडखडणारा कारखाना. मधली भिंत एकच. त्यामुळे घरात कुणी बोलत नसे, सगळे ओरडत. भात वाढू का, हेही भांडल्यासारखं विचारायचं. बाबांचं आयुष्य लूमपाशी गेलं, कानही निम्मे तिथेच गेले. कल्याणच्या कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, जरा हळू बोल, आम्ही बहिऱ्या नाही. मैत्रिणी कसल्या, शेजारी बसणाऱ्या. परीक्षा संपली आणि त्याही संपल्या.

मग मी आणि कॉम्प्युटर. काही प्रोग्रॅम असे असतात की ते कुणीही आतून उघडून वाचावेत, दुरुस्त करावेत. अशाच एका प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून भलतीकडे पळायची. 'भिवंडी' तर वाचवत नसे. माझं डोकंच फिरलं. आपल्या गावाचं नाव असं मोडलेलं कोणाला बघवेल? खपून खपून ती वेलांटी जागेवर बसवली आणि दुरुस्ती पाठवून दिली. मग दुसरी, मग तिसरी. काका म्हणाले, पोरगी लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय. त्यांच्या दापोड्याच्या गोदामात लिखापढीला माणूस हवा होता. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर मी तिथे बसायचं, असं माझ्यासमोरच, मला न विचारता ठरलं. मला त्या गोदामात जायचं नव्हतं.

तो प्रोग्रॅम सांभाळणारा एक जर्मन माणूस होता. माझ्या प्रत्येक दुरुस्तीला तो नीट उत्तर लिही. माझं म्हणणं शेवटपर्यंत वाचणारा जगात तेवढाच एक. एकदा त्याने लिहिलं, असंच एक पैशाचं काम आलंय, तुम्ही कराल का, पण आधी एकदा इंटरनेटवरून बोलू. मी शुक्रवार कळवला. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात.

हेडफोन लावला. पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येत होती. त्याने नमस्कार केला आणि मी सवयीप्रमाणे बोलायला लागले. दोनचार वाक्यांतच त्याने मला थांबवलं आणि अगदी हळू विचारलं,

"तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुलासा करायला गेले, तर तोही ओरडूनच केला. तो बिचारा हसला. काम तुमचंच, म्हणाला, तुम्ही लिहिता फार छान, तेव्हा यापुढे लिहूनच कळवत जा, बोलायची गरज नाही.

काम मिळालं होतं आणि मला रडू येत होतं. हेडफोन काढला, तर बाबा दारातच उभे.

"काय बोलला गो त्यो? काम मिलला का?"

"मिलला," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

ते माझ्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, बाय. काकाचा गोदाम हाय ना."