द बेस्ट म्हणजे आजरा

रिटायर झाल्यावर आजऱ्याला परत जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला फ्लॅट विकायचा, गावच्या घराची कौलं बदलायची आणि काजूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं. बायकोला विचारलं होतं का? सांगितलं होतं. ती काही बोलली नाही, म्हणजे तिचा होकार, असं मी धरून चाललो. एजंटानं गिऱ्हाईकसुद्धा आणलं.

मधेच लेकीचं लग्न बेंगळुरूला ठरलं. विहीणबाईंना मराठी येत नाही, आम्हाला कन्नड येत नाही. मग आम्ही दोघांनी घराजवळच्या इंग्लिशच्या क्लासात नाव घातलं. बाकी सगळी कॉलेजची पोरं, आणि पहिल्या बाकावर आम्ही दोन म्हातारी.

त्या दिवशी बाईंनी सुपरलेटिव्ह घेतले. आधीचं आयुष्य आणि आत्ताचं, यांची तुलना करून प्रत्येकानं दोन-चार वाक्यं बोलायची. मला काय, आयतंच मैदान मिळालं. उठलो आणि दिलं ठोकून. आजऱ्याचं घर द बिगेस्ट, एकत्र कुटुंब द हॅपीएस्ट, नाचणीची भाकरी द टेस्टिएस्ट. आणि आत्ता? फ्लॅट द स्मॉलेस्ट, शेजारी द वर्स्ट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मिशीवर हात फिरवत खाली बसलो.

मग बायको उठली. पदर सावरला. वहीत बघितलंसुद्धा नाही.

"इन आजरा, आय ईट द कोल्डेस्ट भाकरी. ट्वेल्व्ह इयर्स," ती म्हणाली. "इन कोल्हापूर, आय ईट द हॉटेस्ट."

पोरं हसली, त्यांना गंमत वाटली. बाईंनी व्हेरी गुड म्हटलं. मी मात्र मान खाली घालून बसलो. माझी कोल्हापूरला बदली होईपर्यंत लग्नानंतरची बारा वर्षं आम्ही त्या घरात काढली. खाणारी सतरा तोंडं, आणि चुलीपुढं ही. तव्यावरची भाकरी आधी आम्हा पुरुषांच्या ताटात, मग पोरांच्या, मग थोरल्या बायकांच्या. हिची पाळी येईतो चूल विझलेली असायची. नाचणीची भाकरी गार झाली की कडक होते, हे मला ऐकून माहीत होतं. कधी खायची वेळच आली नव्हती. खरं सांगतो, लाज वाटली.

क्लास सुटल्यावर चालत घरी येताना मी विचारलं, "आजऱ्याला यायचं हाय का न्हाय तुला?"

"आत्ता विचारताय व्हय?" ती म्हणाली. "मी न्हाय येत. तुमास्नी जायचं तर जावा की. भाकरी थापायला तेवढी शिकून जावा."

पुढं घरापर्यंत ती लेकीच्या साड्यांबद्दल बोलत राहिली. मी हं हं करत होतो.

दुसऱ्या दिवशी एजंटाला फोन करून फ्लॅट विकायचा नाही म्हणून सांगितलं. तो चिडलाच. सगळं पक्कं झालं होतं, आता मधेच काय झालं, म्हणाला.

"काय न्हाय," मी म्हटलं. "बायकोला विचारायचं राहिलं होतं."