मामाजींचं नाक

कोणत्याही इंजिनाचा कोणताही आजार नाकानं ओळखता येतो, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर त्यांचं गाव. धरणामुळे तिथं नदी एवढी फुगली आहे की समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण सडकेनं जायचं तर पुलाचा मोठा वळसा पडतो. त्यामुळे मामाजींच्या डोंग्याला, म्हणजे होडीला, दिवसभर माणसं असत. डोंग्याच्या मागे पेट्रोलवर चालणारं लहानसं इंजिन लटकवलेलं होतं. ते जुनंच घेतलेलं, आणि त्याचं रुसणं नेहमीचंच. मामाजींना याचं दुःख नव्हतं. उलट चार दिवस ते नीट चाललं, की यांचाच चेहरा उतरायचा.

इंजिन बंद पडलं की त्यांची पूजा सुरू होई. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल आहे ना ते पाहायचं, मग नळीतला रबरी फुगा दाबून तो घट्ट होतो का ते बघायचं, मग फिल्टर, आणि शेवटी कार्बुरेटरच्या बुडाची वाटी सोडवून तिच्यातलं पेट्रोल तळहातावर घ्यायचं. इथवर कुठलाही मिस्त्री करील. पण मामाजी प्रत्येक ठिकाणी थांबून वास घेत. प्लग काढून नाकाशी धरत आणि म्हणत, "जास्त पेट्रोल पेलं यानं. थांबा, सुकू द्या जरा." तळहात हुंगून म्हणत, "शिळं झालं हे." ऑइल कमी पडलंय की जास्त, ते धुराच्या वासावरून सांगत. चष्मा लावून कार्बुरेटरच्या जेटच्या भोकात एकदा बघा तरी, असं मी सुचवलं, तेव्हा माझी कीव करत म्हणाले, "पाहून काय होते, जवाईबुवा? कचरा दिसते. बिमारी नाही दिसत."

हे नाक इंजिनापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि मामाजी हातात अक्षता घेऊन माझ्या शेजारीच उभे होते. एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "वरण लागलं रे खालून!" स्वयंपाक मांडवापासून दोन घरं सोडून चालला होता. भटजी थांबले, सासऱ्यांनी डोळे वटारले, आणि आचारी धावत गेला तर वरण खरोखरच लागलेलं. मोहाची पिऊन आलेला माणूस ते काठावरूनच ओळखत आणि डोंग्यात बरोबर मधोमध बसवत, "पडला तं डोंग्यातच पडन." पेट्रोलपंपावर कॅन हुंगल्याशिवाय झाकण लावत नसत, मागची रांग कितीही ओरडो. गावातल्या बायका गॅसची नळी गळते का ते बघायला त्यांनाच बोलवत. एवढा भरवसा मी कुणाच्या शब्दावर ठेवलेला पाहिला नाही, नाकावर तर नाहीच.

मग ती तापाची साथ आली. मामाजी त्यात आडवे झाले आणि उठलेही. अंग बारीक झालं, आवाज बसला, पण महिन्याभरात डोंगा पुन्हा पाण्यात दिसायला लागला. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मामाजी पुन्हा प्लग नाकाशी धरत, कॅन हुंगत, मान हलवत. काही बदललंय असं कुणाला वाटलंच नाही.

समोरच्या गावात एक बारसं होतं, त्या दिवशी मीही डोंग्यात होतो. निघाल्यावर थोड्या वेळानं मला पेट्रोलचा वास आला. मग जास्तच आला. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला, तिच्या पलीकडच्यानं तोंड फिरवलं, पण बोललं कुणी नाही. मीही नाही. मामाजी मागे बसून निवांत डोंगा हाकत होते, आणि ते गप्प आहेत म्हणजे काही नसणारच. माझंच नाक बिघडलं असेल, असं माझ्या मनात आलं. मामाजींच्या समोरच बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बिडी काढली. काडीपेटी काढली. वारा होता, म्हणून मामाजींनी स्वतः हात पुढे करून आडोसा धरला. तेवढ्यात त्या बाईनं पायाशी ओला झालेला लुगड्याचा काठ वर उचलला आणि ओरडली, "अवो, खाली पानी नाही जी, पेट्रोल आहे!"

मामाजींनी पेटी हिसकावून नदीत फेकली आणि इंजिन बंद केलं. कार्बुरेटरमध्ये कण अडकून पेट्रोल ओसंडत होतं आणि फळ्यांखाली साचत होतं. ते त्यांनी हातानंच शोधलं, साफ केलं, डोंगा कापडानं पुसून घेतला, आणि वल्ही मारत आम्हाला काठाला लावलं. भांडायला कुणी उठलं नाही. उलट ती बाई ओशाळून म्हणाली, "मले वास आला होता, पण मामाजी काही बोलले नाही. मले वाटलं, माह्यंच नाक खराब." मग एकेक करत सगळे तेच म्हणाले. मामाजी खाली बघत ऐकत होते. "सर्दी झाली मले," एवढंच बोलले.

त्यानंतर त्यांनी डोंग्यात माणूस घेतला नाही. कारण विचारलं की म्हणायचे, "कार्बुरेटर खराब आहे." ज्या माणसानं भर पाण्यात, हलत्या डोंग्यात कार्बुरेटर उघडून परत बसवला, त्याचं हे काम महिनोन्‌महिने चाललं. लोक मुकाट्यानं पुलावरून जायला लागले. कुणी पवनीहून मिस्त्री आणायचं म्हटलं की मामाजी चिडत.

दिवाळीनंतर मी गेलो, तेव्हा इंजिन अंगणात पाण्याच्या ड्रमवर बसवलेलं होतं. त्यांनी दोरी ओढली आणि ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मी म्हणालो, "मामाजी, हे तर ठणठणीत आहे." त्यांनी ते बंद केलं. "त्याले कायचं काय झालं? मलेच वास नाही येत. त्या तापापासून." मग वाटीतलं पेट्रोल तळहातावर घेऊन माझ्या नाकाखाली धरलं. "सांगा."

"पेट्रोलसारखा येतोय."

"पेट्रोलसारखा तं येईनच! कसा?"

मी डोळे मिटले. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, म्हणालो, थोडा आंबट. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "शिळं झालं," ते हळूच म्हणाले, आणि हात लुगड्याच्या चिंधीला पुसला. "मामीले सांगू नका. तिले वाटते, सर्दी आहे."

दुपारी जेवायला बसलो. मामींनी भात वाढला. मामाजी ताटावर वाकले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! चिन्नोर तो चिन्नोर. घमघमते!" मी माझ्या ताटात पाहिलं. चिन्नोर म्हणजे तिकडचा बारीक, सुवासिक तांदूळ; हा तर जाडाभरडा, साधा भात होता. त्याला कसलाच वास नव्हता. मी मामींकडे पाहिलं, तर त्या वरण वाढण्यात गुंतल्या होत्या.

निघताना मामींनी माझ्या हातात पिशवी दिली. चिन्नोरच होता, बंद पिशवीतूनही त्याचा वास येत होता. मी म्हणालो, "मामी, तुम्हाला ठेवा की. घरात..." त्यांनी आत एक नजर टाकली आणि आवाज खाली घेतला.

"चिन्नोर शिजवला का घरभर वास सुटते, बापू. आन् हे माह्या तोंडाकडं पाहून राहतात, वास आला का नाही ते समजाले. मंग कुठं घमघमते म्हणतात." त्यांनी पिशवीची गाठ आणखी आवळली. "साधा शिजवला तं मलेबी काही येत नाही. दोघंबी सारखेच बसतो जेवाले."