पानागणिक फुगणारी शेळी

"सर, शेळी फुगत चाललीये," मुग्धा मॅडम फोनवर म्हणाल्या.

मुग्धा मॅडम पुण्याच्या. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात संपादक. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण चुका काढण्यात माझ्या जुन्या हेडमास्तरांच्या वरताण. आदल्या दिवशीच मी त्यांना नव्या पुस्तकाची सगळी चित्रं स्कॅन करून पाठवली होती आणि कळंबच्या आमच्या घरी कौतुकाच्या फोनची वाट बघत बसलो होतो. आला तो हा फोन.

"पहिल्या पानावर ती सडपातळ आहे," त्या म्हणाल्या. "मधे अंगानं भरलीये. शेवटी शेवटी तर एसटीच्या दारात मावत नाहीये. आणि तुमची गोष्ट एका दिवसात घडते, सर."

मी म्हणालो, शेळ्या खातात. त्या म्हणाल्या, एवढ्या नाही खात. शिवाय अर्ध्या पुस्तकानंतर तिच्या गळ्यात अचानक एक चप्पल येते, ती कशाला? मी म्हणालो रेंज जातेय, आणि फोन ठेवला. रेंज चांगली फुल होती.

आमच्या धंद्यातलं थोडं सांगायला हवं. चित्रांच्या पुस्तकात समोरासमोरची दोन पानं मिळून एक मोठं चित्र असतं, त्याला स्प्रेड म्हणतात. असे दहा-बारा स्प्रेड झाले की पुस्तक होतं. सगळ्यात अवघड काम म्हणजे पहिल्या स्प्रेडवरची शेळी शेवटच्या स्प्रेडवर तीच वाटली पाहिजे. मूल लगेच ओळखतं. म्हणून शहाणे चित्रकार आधी मॉडेल शीट करतात. एकाच कागदावर शेळी समोरून, बाजूनं, मागून, बसलेली, उभी. मग पुस्तकभर त्या कागदाकडे बघून काढायचं. मी ते केलं नव्हतं. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना सांगत आलो, कागदावरून कागदावर काढू नका, समोर वस्तू ठेवा. तेव्हा मी समोर शेळी ठेवली.

शेळी शेजारच्या कौसाबाईंची. कौसाबाई मावशी एकट्याच राहतात, मागच्या अंगणात तीन शेळ्या बाळगतात. त्यातली ही काळीभोर, लांब कानांची, एका कानावर पांढरा ठिपका. आमच्या जिल्ह्याच्या शेळ्या लांबलांबून लोक बघायला येतात, पण हिच्यासारखी देखणी मी पाहिली नव्हती. रोज सकाळी स्टूल टाकून तिच्यासमोर बसायचो. थंडी सुरू झाली तेव्हा पहिला स्प्रेड रंगवला आणि उन्हं तापायला लागली तेव्हा शेवटचा. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी एक मुलगी वाढवली आहे.

हे पुस्तक साधं नव्हतं. तोवर मी दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढत होतो. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठळक, माझं आत, छापखान्याच्या पत्त्याच्या वर. या पुस्तकावर पहिल्यांदाच 'लेखन आणि चित्रं' अशा दोन्ही शब्दांपुढे माझं एकट्याचं नाव येणार होतं. प्रकाशन वर्षातून एकदाच मुलांची पुस्तकं एकगठ्ठा छापतं. महिनाअखेरीस सगळं गेलं नाही तर माझं पुस्तक बाद. पुढच्या वर्षी मुग्धा मॅडम तिथं असतील की नाही आणि मी तरी असेन की नाही, कुणी सांगावं?

मी सगळे स्प्रेड ओळीनं बैठकीत मांडले. खरंच. डावीकडे शेळी, उजवीकडे काळी पखाल. बायको चहा घेऊन आली, उभ्याउभ्या बघून म्हणाली, "गाभण आहे ना ती. मला कधीचं दिसतंय. मला वाटलं, तुमची गोष्टच तशी असेल."

मी तडक मावशींकडे गेलो. विचारलं. त्यांनी आधी दाराबाहेर डोकावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "व्हय. हाय गाभन. वरडू नका."

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"आसलं सांगत्यात व्हय कुनाला? आन् तुमाला तर न्हाईच न्हाई. रोज घंटा-घंटा टक लावून बसताव. वर म्हनताव, काय कान, काय डोळं, काय चाल. शेवटी बांधली चप्पल."

तर ती चप्पल माझ्यासाठी होती. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे जुनी चप्पल टांगतात, हे मला माहीत आहे. पण ती माझ्याच नजरेवरचा उतारा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला तो अस्सल ग्रामीण तपशील वाटला होता. तुटलेला अंगठा, त्याला मारलेला खिळा, सगळं जीव ओतून रंगवलं होतं.

मला रागच आला. शाळेत मी अंधश्रद्धेवर भाषणं दिलेली आहेत. इथंही एक देणार होतो. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, मागच्या वेताला एक व्यापारी आला होता. पिल्लं बघून म्हणाला, अशी करडं अख्ख्या तालुक्यात नाहीत. आठवड्याच्या आत दोन्ही गेली. "मांडीवर गेलं एक," एवढंच म्हणाल्या आणि शेळीपुढे पाला टाकायला उठल्या. ती पिल्लं कशानं तरी आजारी पडली असणार, हे मला ठाऊक होतं. पण भाषण तसंच घरी परत नेलं. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन शेळी बारीक करायला बसलो. जलरंगात काळा रंग एकदा बसला की बसला. पोट खरवडायला गेलो तर कागद फाटला. नवीन कागदावर आठवणीनं काढली, ती कुत्र्यासारखी झाली. मावशींची दुसरी शेळी समोर धरून काढली आणि मुग्धा मॅडमना पाठवली. उत्तर आलं, 'सर, ही वेगळी बाई आहे.' सात-आठ स्प्रेड नव्यानं काढायला मला उन्हाळा पुरला नसता.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन. आवाज गोड होता, म्हणजे निर्णय झालेला होता. त्या म्हणाल्या, प्रकाशनाच्या निवड समितीला वाटतंय, पुस्तक या वर्षी थांबवावं. शिवाय गोष्टीत मुळात एक अडचण आहेच.

ती अडचण जुनी होती. माझ्या गोष्टीत शेळी सकाळी दावं तोडून जवळच्या येरमाळा गावाला जाते आणि संध्याकाळी परत येते. ती का जाते, असं मॅडम पहिल्यापासून विचारत होत्या. शेळ्यांना कारण लागत नाही, असं मी पहिल्यापासून सांगत होतो.

पुस्तक हातचं चाललेलं दिसल्यावर माणूस काहीही बोलतो. मी म्हणालो, "अहो, तिला दिवस गेलेत. बाळंतपणाला माहेरी चाललीय."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"येरमाळा तिचं माहेर?"

"म्हणजे काय," मी म्हणालो. "आणि चालत चाललीय. खात-पीत, थांबत-थांबत. म्हणून पोट वाढत जातं. शेवटी पाय उचलेनात, तेव्हा एसटीत चढते. मुद्दाम केलंय ते."

"मग हे लिहिलं का नाही, सर?"

"चित्रात आहे की सगळं," मी म्हणालो. असं ऐटीत मी हेडमास्तरांशीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

लेखक आणि चित्रकार एकच माणूस असण्याचा फायदा मला त्या दिवशी कळला. चित्र बदलायला महिना लागतो, वाक्य बदलायला एक कप चहा. दुसरा लेखक असता तर त्यानं माझ्या शेळीसाठी आपलं एक अक्षर हलवलं नसतं. मी बसल्या बैठकीला सगळी गोष्ट फिरवली. 'एके दिवशी' काढून टाकलं. सकाळ-संध्याकाळ काढून टाकली. राहिली चप्पल. मॅडमनी बजावलं होतं, मुलांच्या पुस्तकात नजरबिजर चालणार नाही. माझंही तेच मत. पण चप्पल पुसताही येईना. मग लिहिलं: वाटेत तिला एक चप्पल सापडते. बाळाला होईल म्हणून ती गळ्यात घालून घेते. पुढच्या पानावर विचारात पडते, बाळाला पाय चार, अजून तीन शोधायला हव्यात. हे वाचून मॅडम फोनवर हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं.

आता फक्त शेवटचा स्प्रेड नवा काढायचा होता. घरी परतलेल्या शेळीऐवजी माहेरी व्यालेली शेळी आणि तिची करडं. मुदत चार दिवसांवर आली आणि काळी व्याली. मला भिंतीपलीकडून करडांचा आवाज ऐकू आला. वही घेऊन गेलो, तर मावशी दारात आडव्या. नुकत्याच जन्मलेल्या करडांचे पाय कसे थरथरतात, ते मनानं काढता येत नाही. मी तसं सांगितलं. पुस्तकाचं सांगितलं, माझ्या नावाचंही सांगितलं. जवळजवळ हात जोडले.

मावशींनी बराच विचार केला. "या आत," म्हणाल्या. "पन कवतिकाचा एक सबुद काढायचा न्हाय. नावं ठेवायची. मोठ्यानं."

मी स्टूल टाकलं. दोन करडं. एक आईसारखं काळंभोर, दुसऱ्याचे दोन्ही कान पांढरे. अजून पाय धड टेकत नव्हते. इतकं सुंदर काही मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

"काय ही करडं," मी म्हणालो. "कान नुसते सुपाएवढे."

"ऐकू येईना, सर," मावशी आतून म्हणाल्या.

मी आवाज चढवला. असली भिकार करडं जन्मात बघितली नाहीत, म्हणालो. पायात जीव नाही, तोंडाला कळा नाही, बाजारात कुणी फुकट नेणार नाही. हात मात्र भराभर चालला होता. माझ्या हातून इतकी चांगली रेघ क्वचित उतरते. मधेच पांढऱ्या कानाच्यानं उडी मारायचा पहिला प्रयत्न केला आणि तोंडावर पडलं. माझ्या तोंडून "शाब्बास" निघून गेलं.

मावशी ताडकन बाहेर आल्या. माझ्याकडून तीनदा थुंकवून घेतलं आणि समोर उभ्या राहून आणखी शिव्या घालायला लावल्या. शाळेत मी कधी अपशब्द वापरला नव्हता. त्या दिवशी सगळा शिल्लक साठा करडांवर संपवला.

स्प्रेड वेळेत गेला. पुस्तक छापून आलं. पहिल्याच पानावर 'लेखन आणि चित्रं' आणि खाली माझं नाव. पुण्यात लोक म्हणाले, शेळीच्या देहातून काळाचा प्रवास फार सूचक दाखवलाय. मी मान हलवली.

एक प्रत मावशींना नेऊन दिली. तोवर करडं चांगली धट्टीकट्टी झाली होती, ओट्यावरून उड्या मारत होती. मावशींनी पदराला हात पुसले आणि एकेक पान उलटलं. शेवटच्या स्प्रेडवर बराच वेळ थांबल्या. पांढऱ्या कानावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लई भिकार झालंय बगा, सर."

माझ्या कामाची याहून मोठी तारीफ कुणी केलेली नाही.

हल्ली मी मॉडेल शीट आधी काढतो. आणि समोर बसवायला शक्यतो बोकड बघतो.