इंग्रजीत गळालेलं नाव

चिमाबाईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तिच्या पोराने नेमका त्याचाच फायदा घ्यायचं ठरवलं.

पोरगा म्हणजे बुद्धभूषण. आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचा. दोन हजार चार साली तिथे अनुवाद आणि तौलनिक साहित्यावर राष्ट्रीय चर्चासत्र भरलं, तेव्हा त्याने आईच्या तोंडची हकिकत इंग्रजीत नेली आणि तीच वाचायला घेतली.

हकिकत त्याच्या बापाची, तुळशीदासची. दहा-अकरा वर्षांपूर्वी जुन्नरकडच्या त्यांच्या गावात दादाभाऊ या बड्या बागायतदाराचा बैल मेला. मेलेलं जनावर ओढायचं काम तुळशीदासच्या बापाने, तो बौद्ध झाला त्या दिवशीच, टाकलं होतं, म्हणून तुळशीदासही नाही म्हणाला. दादाभाऊने जुवाची शिवळ, बैलाच्या मानेलगतचा तो लाकडी दांडा, उपसली आणि चावडीपुढे त्याच्या तोंडावर घातली. एकदा घालून तो थांबला नाही. जबडा फुटला, दात मातीत पडले, चिमाबाई मध्ये पडली तर तिच्या पाठीचीही सालटी निघाली. पोरगा तेव्हा परीक्षेला गेला होता. तुळशीदास पुढे मरेपर्यंत नाचणीच्या पेजेवर जगला. कोर्टात चिमाबाईने नाव घेतलं, पण बाकी गाव मूग गिळून बसलं. कुणाची म्हणे तिकडे पाठ होती, कुणी वैरण आणायला गेलं होतं. दादाभाऊ सुटला.

सुटला तो सुटला, वर शिक्षणमहर्षी झाला. त्या कॉलेजच्या संस्थेचा अध्यक्ष आता तोच होता, आणि बुद्धभूषणला कायम करायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर होतं.

हकिकत सांगताना चिमाबाईने पोराला एकच अट घातली होती. "नाव गाळायचं नाय. आन् तो समोर बसलेला पायजे." पोराने मान डोलावली होती.

चर्चासत्राच्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवलं, छातीवर बिल्ला लावला. पुण्याहून पाहुणे प्राध्यापक आले होते. मूळ माणसाचा एक शब्द जरी अनुवादकाने गाळला तरी ती चोरीच, असं त्यांनी मराठीत ठणकावून सांगितलं. चिमाबाईला तो माणूस फार आवडला.

मग बुद्धभूषण उभा राहिला. इंग्रजी तिच्या डोक्यावरून जात होतं, पण नावं कळत होती. नाव कुठल्याही भाषेत नावच राहतं. तळेघर आलं, तिचं माहेर. चिमाबाई आली. तुळशीदास तर परत परत आला. पदर मुठीत आवळून ती पुढच्या नावाची वाट बघत राहिली. पोराने शेवटचा कागद उलटा ठेवला, थँक्यू म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. मंचावर दादाभाऊनेही वाजवल्या. चिमाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पोटचं पोर, आणि त्याचीही शेवटी पाठच होती.

आपल्याकडे सत्कार केल्याशिवाय चर्चासत्र झाल्यासारखं कुणाला वाटत नाही. ज्या माऊलीने हकिकत सांगितली तिचा सत्कार अध्यक्षांच्या हस्ते होईल, असं माइकवरून पुकारलं गेलं. बुद्धभूषणच्या तोंडचं पाणी पळालं. चिमाबाई मंचावर गेली. दादाभाऊने तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोसाठी हसला. चिमाबाई माइककडे वळली.

"पोरानं एक नाव सोडलं," ती म्हणाली. "माझ्या मालकाचा जबडा यानं फोडला. दादाभाऊनं."

बाई भ्रमिष्ट आहे, असं हसत हसत म्हणून दादाभाऊने तिचा दंड धरला आणि कुणाला दिसणार नाही असा पिरगाळला. चिमाबाईने नारळ त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त सांडलं. मग काय, दादाभाऊचे दोन गडी मंचावर चढले. एकाने तिला केसांना धरून खाली ओढलं, दुसऱ्याने लोखंडी खुर्ची उचलली. ती खुर्ची चिमाबाईला लागली नाही, कारण मध्ये बुद्धभूषण आला. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला. तरी ते त्याला लाथा घालतच राहिले, आणि शंभर विद्वान भिंतीला चिकटून उभे राहिले.

चौकीत फौजदाराने आधी पाहुण्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, मी त्या वेळी कागद आवरत होतो, माझी पाठ होती.

चिमाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती पोराकडे बघत होती. बुद्धभूषणचा एक हात गळ्यात बांधला होता, तोंड सुजलं होतं. बोलला तर नोकरी गेली, हे तिला कळत होतं, त्यालाही कळत होतं.

"दादाभाऊ," तो म्हणाला. सुजलेल्या तोंडाने नीट उमटलं नाही, म्हणून त्याने परत म्हटलं. "दादाभाऊंनी आधी माझ्या आईचा हात पिरगाळला. मी जवळ होतो, मी पाहिलं. आणि माझ्या बापालाही त्यांनीच मारलं होतं, ते मी आज वाचताना गाळलं. तेही लिहा."

फौजदाराने लिहून घेतलं. मग चिमाबाई खुर्ची सरकवून टेबलाजवळ आली.

"नारळ मी मारला," ती म्हणाली. "माझंबी नाव लिवा."