दुसरीतली जागा

भिवंडीतल्या त्या इंग्रजी शाळेच्या फाटकासमोरून जाताना मी आजही मुद्दाम हॉर्न वाजवतो. 'शांतता राखा' अशी पाटी आहे, म्हणूनच वाजवतो. वीस वर्षं होत आली, राग गेलेला नाही.

तेव्हा माझे स्वतःचे कापड विणायचे आठ लूम झाले होते. त्याआधी मी दुसऱ्याच्या लूमवर उभं राहून दिवस काढले, मग कापडाची दलाली केली. शिक्षण सातवीपर्यंत, नगरपालिकेच्या शाळेत. मुलगीही त्याच शाळेत, तिसरी पास झालेली. आमच्या गल्लीतून एकेका पोराला न्यायला पिवळी बस येऊ लागली होती. बायको म्हणायची, हिलाही तिकडे घाला. पोरगी काही बोलत नव्हती. पण आरशासमोर उभी राहून 'माय नेम इज' म्हणताना मी तिला दोनदा पाहिलं.

कापडाच्या धंद्यात ताग्याची वरची घडी कोणी बघत नाही. वर चांगलंच असतं. तागा मधून उलगडायचा. ती शाळाही मी तशीच बघितली. शिपायाने कॉम्प्युटरची खोली उघडून दाखवली, प्रत्येकावर झालरीचं कव्हर. मी एक उचलून मागे हात घातला, तर वायरच नाही. शिपाई म्हणाला, सुट्टीत काढून ठेवतो. सुट्टी नव्हती. मग पाहुण्यांसाठी मांडलेल्या वह्या. वरच्या बाजूला ठेवून मी ढिगाच्या तळातून चार ओढल्या. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण चारही पोरांनी एकाच ओळीत एकच शब्द खोडला होता. तेवढं कळायला इंग्रजी लागत नाही. फळ्यावर बाई चुकल्या की सगळा वर्ग चुकायचा.

आमच्या शाळेत वरची घडीच फाटकी होती. बाई निवडणुकीच्या ड्युटीवर गेल्या की दोन वर्ग एका खोलीत कोंबायचे, आणि मग शिकवणं म्हणजे नुसतं गप्प बसवणं. पण वहीतली चूक पोरीची स्वतःची असायची, आणि खाली लाल शाईत बाईंनी ती दुरुस्त केलेली असायची. खोट दोन्हीकडे होती, एकीकडे ती झाकलेली नव्हती इतकंच.

हे सगळं दिसूनही मी पोरीचा दाखला काढला. कारण बँकेत माझ्यासमोर इंग्रजी कागद सरकवायचे, बोट ठेवून म्हणायचे, शेठ, इथे. आणि काय लिहिलंय ते न कळता मी सही करायचो. अंगठाच तो, फक्त पेनाने उठवलेला. पोरीवर ती पाळी येऊ नये.

मुलाखतीला आईबाप दोघांनी यायचं होतं. आपल्याला इंग्रजीत काही विचारतील या भीतीने बायको आलीच नाही. मी आणि पोरगी गेलो. तिथल्या मुख्य मॅडमनी पोरीला चार शब्द वाचायला लावले आणि मला म्हणाल्या, "बेस कच्चा आहे. दुसरीत घेऊ."

तिसरी पास झालेली पोरगी दुसरीत! माझं डोकं लगेच चाललं. हिचं काही कच्चं नाही, यांना दोन वर्षांची जास्त फी दिसतेय. मी चौथी म्हटलं. त्या दुसरी म्हणाल्या. मी तिसरीवर आलो. त्या दुसरीवरच.

मग मी उठलो. आमच्या बाजारात सौदा अडला की उठायचं असतं. सावकाश दारापर्यंत जायचं, चपला घालायला वेळ लावायचा. समोरचा हाक मारतोच. आणि पहिल्या हाकेला वळायचं नाही. वळलात की भाव गेला. अर्धं आयुष्य मी असंच कमावलंय.

मी चपलेत पाय घालत होतो तेव्हा मागून हाक आली. "पप्पा." पोरीचीच होती. मी वळलो नाही. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो, नोटीस बोर्ड वाचल्यासारखं केलं. दुसरी हाक आली नाही. शिपायाने बाहेर येऊन पुढच्या पालकांना आत घेतलं.

मी परत आत घुसलो तोवर आमच्या खुर्च्यांवर दुसरं कुटुंब बसलेलं. पोरगी फाइल छातीशी धरून भिंतीला टेकलेली.

"तुम्ही नको म्हणून गेलात ना?" मॅडम म्हणाल्या. "जागा एकच होती."

मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं. जागा एकच होती हे मी आजही मानत नाही. गिऱ्हाईक तापलं की आम्हीही शेवटचा तागा म्हणून सांगतो.

स्कूटरवर पोरगी मागून म्हणाली, "तुम्ही उठल्यावर मी त्यांना म्हटलं, मी दुसरीत बसते. त्या म्हणाल्या, पप्पांना बोलाव."

तीन बत्तीच्या चौकात मी स्कूटर हळू केली. मग म्हटलं, आपल्याच माणसाने भाव फोडला की असंच होणार.

दुसऱ्या दिवशी दाखला परत घेऊन नगरपालिकेच्या शाळेत गेलो. बाईंनी काही न विचारता रजिस्टर उघडलं. एवढं सहज कोणी काही देत नाही. मी विचारलं, यात तुमचा काय फायदा?

"पट," त्या म्हणाल्या. "यंदा तिघं गेली. अजून एक गेलं असतं तर माझी बदली होती."

कारण कळल्यावर मला जरा बरं वाटलं. बाईंनी पेन टेकवलं आणि पोरीला विचारलं, "चौथीच ना गं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पांना विचारा."

मी चौथी म्हटलं. बाईंनी लिहून घेतलं. या वेळी कोणी घासाघीस केली नाही.