निवड अर्ध्या जाधवांची

परवा सकाळी लातुरात आमच्या क्लासच्या परीक्षेला अर्धेच जाधव हजर होते... आणि या ऐतिहासिक घटनेचे जनकत्व निर्विवादपणे अस्मादिकांकडे जाते.

पूर्वपीठिका निवेदन करतो. शाळेतली संस्कृतची तुकडी बंद पडल्यावर अस्मादिक एका कोचिंग क्लासचे व्यवस्थापक झाले. घरटी एक डॉक्टर निपजवण्याच्या तयारीत असलेल्या या नगरीत धातुरूपांना गिऱ्हाईक नाही, हजेरी घेणाऱ्याला मात्र आहे.

परीक्षा साधी नव्हती. तिच्यावरून स्पेशल बॅच ठरणार होती, आणि स्पेशल बॅच म्हणजे आमच्याकडे साक्षात स्वर्गद्वार. ऐनवेळी नेहमीचा हॉल कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला, म्हणून परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये हलवली. पालकांना तसा मेसेज करण्याचे महत्कार्य माझ्याकडे आले.

क्लासच्या वेबसाइटवर सगळ्या विद्यार्थ्यांचा तक्ता आहे. प्रत्येक नावापुढे एक चौकट, आणि सर्वांच्या वर 'सर्व निवडा' अशी एक सम्राज्ञी चौकट. तिच्यावर टिचकी मारताच खालच्या चौकटी एकसाथ भरल्या... मला चक्रवर्ती झाल्यासारखे वाटले! वर फिकट अक्षरांत काहीतरी सूचना आली होती, पण ती जाहिरात असावी अशा उदात्त समजुतीने मी तिच्याकडे दुर्लक्ष केले.

शेजारच्या बटणावर 'निवडलेल्या विद्यार्थ्यांना संदेश' असे लिहिले होते. तोच अधिकृत शब्द मानून मी मेसेजची सुरुवात केली... 'निवडलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा नूतन सभागृहात होईल.' पुढे ज्याचे त्याचे नाव यंत्रच घालते.

सकाळी हजेरी घेऊ लागलो. अर्धापूरकर हजर, औसेकर हजर, कांबळे झाडून सारे हजर. जाधवांपाशी आलो, निम्मे जाधव 'हजर' म्हणाले... आणि तिथून पुढची सारी यादी गैरहजर. पाटील नाहीत, शिंदे नाहीत, सूर्यवंशींचा तर पूर्ण वंशच्छेद!

तेवढ्यात फोन वाजला. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम असलेले जाधव बोलत होते. त्यांची जुळी मुले लातुरात राहून आमच्याकडे शिकतात... गणेश आणि वैष्णवी.

"सर, गणेशची निवड झाली म्हणून मेसेज आला. मी अख्ख्या मोंढ्यात पेढे वाटायलोय की हो! पण पोरगीचं नाव का न्हाई? ती तर त्याच्याहून लई हुशार हाय. निवडच न्हाई तर ऱ्हाऊन काय करू म्हणती... बॅग घेऊन स्टँडवर गेलीय."

माझ्या ज्ञानचक्षूंसमोर अंधारी आली.

फिजिक्स शिकवणाऱ्या रेश्मा मॅडमनी तक्ता उघडून पाहिला आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटल्या. "सर, या तक्त्याच्या एका पानावर शंभरच नावं असतात. तुमचं 'सर्व' म्हणजे समोर दिसतात तेवढे सर्व. वर फिकट अक्षरांत तशी सूचनाही येते. पहिलं पान जाधवांच्या मधोमध संपलंय!" गणेश पहिल्या पानावर, वैष्णवी दुसऱ्या... एकाच घरातून सीमारेषा गेली होती.

खरे सांगतो, या 'दिसतात तेवढे सर्व'ने मला क्षणभर त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेले. ब्लँकेटे वाटायला आलेले लोक दारातली डोकी मोजून गेले होते. आई मागे चुलीपाशी होती... ती मोजणीत आलीच नाही.

परीक्षा दुपारवर ढकलली. मॅडम उरलेल्यांना मेसेज करायला बसल्या, तर सगळी पाने एकदम निवडली की यंत्र पाचशेच्या पुढे जाईना आणि एकेक पान घेतले की पान बदलताच आधीच्या खुणा पुसून टाकी... त्यांनी दातओठ खात तुकड्यातुकड्यांनी मोहीम फत्ते केली. अस्मादिकांनी गणेशला मागे बसवले आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने स्कूटर स्टँडकडे पिटाळली.

उदगीरची गाडी लागलेली होती. वैष्णवी पायरीवर एक पाय ठेवून उभी, डोळे लाल. गणेश लांबूनच ओरडला, "ए वैशे, उतर! सरांनी घोळ घातलाय!" इतक्या संक्षिप्त शब्दांत माझे चरित्र आजवर कुणी लिहिले नव्हते.

मी धापा टाकत म्हणालो, "बाळ, कुणाचीच निवड झालेली नाही. तुला कुणी नाकारलेलं नाही... तू फक्त दुसऱ्या पानावर आहेस."

तिने बाही डोळ्यांवरून फिरवली. माझ्याकडे बघितले. "मग पान उलटायचं न्हाई व्हय, सर?"

मी आयुष्यभर पाणिनी पचवल्याचा आव आणला, पण हे एक सूत्र माझ्याकडून सुटलेच होते. हे सारे ऐकत असलेल्या कंडक्टरने बॅग खाली दिली आणि वर मलाच सुनावले, "गुरुजी, जरा बघून मोजत जा."

दुपारी सगळे जाधव एकाच हॉलमध्ये बसले. शिंदे आले, सूर्यवंशींचा वंश पुन्हा विस्तारला. एकदोघांच्या पोटात तर साखरपुड्याचे पोहेही होते... जुन्या हॉलवर गेलेल्यांना मुलीकडच्यांनी वऱ्हाडी समजून आग्रहाने वाढले होते!

मुनीम जाधवांचा पुन्हा फोन आला. "सर, वाटलेले पेढे आता माघारी मागू का काय?" मी म्हटले, "थांबा, निकाल लागू द्या."

काल निकाल लागला! गुणानुक्रमे लावलेल्या तक्त्यात वैष्णवी जाधव पहिल्या पानावर, अगदी वर. गणेश दुसऱ्या पानावर, पण स्पेशल बॅचमध्ये दोघेही. पेढ्यांना अखेर वैधता प्राप्त झाली.

अभिनंदनाचा मेसेज लिहायला बसलो. सम्राज्ञी चौकटीवर टिचकी मारली, हात पाठवण्याच्या बटणाकडे गेला... आणि थांबला.

आधी पान उलटले. गणेश तिथे होता.

वैष्णवी, तुझा ऋणी आहे.