ग्रॅनाइटखाली गेलेला पूर

"भिवंडीला कुणी फिरायला जातं का?" मी पिशवी भरत असताना बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. माणसं भिवंडीला कामाला जातात, माल आणायला जातात. मी एक दगड बघायला निघालो होतो.

हवामानाची आवड असलेल्या लोकांचा आमचा इंटरनेटवर एक गट आहे. कुणाच्या गच्चीवर पर्जन्यमापक, कुणाच्या व्हरांड्यात तापमापक. रोजचे आकडे लिहायचे, जुन्या वर्षांशी ताडून बघायचे आणि भांडायचे. माझं मापक जुन्नरला घराच्या पत्र्यावर आहे. सकाळी देवाला हात जोडतो आणि मग त्यातलं पाणी मोजतो. दोन्ही कामं मी एकाच मनाने करतो. यंदा फेब्रुवारीत अशी थंडी पडली की नारायणगावकडच्या द्राक्षबागा करपल्या, आणि गटावर एकच विषय सुरू झाला: ऋतू फिरले. त्यातच ठाण्याच्या देवधरांनी भिवंडीजवळच्या त्या दगडाची आठवण काढली. देवधर निवृत्त इंजिनियर, आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ.

शेलारच्या पुढे आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण शेवटी कळेल. तिथल्या गावदेवीसमोर पुरुषभर उंचीचा काळा दगड आहे. पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं असेल तिथे दगडावर शेंदराची आडवी रेघ ओढायची, मगच देवीची पूजा, अशी तिथली रीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रेघा. हवामानवेड्याला याहून मोठं तीर्थ कुठलं? गेल्या पावसाळ्यात तिथे पाणी घरांत शिरल्याचा एक फोटो देवधरांना मिळाला होता. त्यावरून त्यांनी गटाच्या पानावर लिहिलं होतं की हा पूर २००५ च्या पुरापेक्षाही मोठा, विक्रमी, आणि हवामानबदलाचा ठळक पुरावा. दगडावरची रेघ बघून त्यावर शिक्कामोर्तब करायचं ठरलं.

जुन्नरहून सकाळच्या एसटीने निघालो. माळशेजला खिडकीची काच बंद होत नव्हती; कंडक्टर म्हणाला, "काका, घाटाची हवा तिकिटात धरलेली आहे." टोकावड्याला चहा, मुरबाडला गर्दी, कल्याणला उतरून भिवंडीची शेअर रिक्षा. मागे तिघं आणि ड्रायव्हरजवळ दोघं बसतात, त्यामुळे सामान मांडीवर मावेल एवढंच न्या. भिवंडी आधी कानाला कळते. गल्लीगल्लीतून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट येतो. पहिला तासभर डोकं उठतं, मग तो ऐकू येईनासा होतो.

गटातला तिसरा माणूस अन्सारी, स्वतःचे थोडे लूम असलेला, चाळिशीतला. त्याच्या कारखान्याच्या पत्र्यावर आमच्या सगळ्यांपेक्षा नेटकं पर्जन्यमापक आहे. हा छंद कसा लागला विचारलं तर म्हणाला, "छंद कसला, दादा? हवा सूखी हुई तो धागा टूटता है. धागा टूटा तो कारीगर माझ्यावर ओरडतो. मग मी आभाळाकडे बघायला लागलो."

देवधर ठाण्याहून पूर्णा गावाच्या बाजूने आले आणि गोडाऊनच्या ट्रकांत अडकल्यामुळे वैतागून पोचले. नाक्यावरच्या हॉटेलात उसळपाव खाल्ला. झणझणीत, पाव ताजा, आणि तिघांचं बिल माझ्या एकट्याच्या रिक्षाभाड्याहून फार जास्त नव्हतं. देवधर जुन्या उन्हाळ्यांबद्दल बोलत होते, अन्सारी थंडीतल्या कोरड्या हवेबद्दल. जग तापतंय, पाऊस लहरी झालाय, याबद्दल तिघांचंही एकमत. ते माझं आजही आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी गैरसमज करून घेणार नाही.

वाडा रोडला शेलार मागे टाकलं की डावीकडे वळायचं. रिक्षा गावात येते, पण परतीची मिळत नाही; तिलाच थांबवून ठेवा.

देऊळ लांबूनच चमकत होतं. नवा कळस, नव्या फरशा, स्टीलचे कठडे. चपला काढून मी आत गेलो, देवीला हात जोडले आणि बाहेर येऊन दगड शोधू लागलो. समोरच होता. चारी बाजूंनी गुळगुळीत काळं ग्रॅनाइट बसवलेलं, वर पितळी दिवा, आणि छातीच्या उंचीवर देणगीदाराच्या नावाची सोनेरी पाटी. रेघा सगळ्या आत.

देवधर दगडाभोवती फेरी मारून आले. मी ग्रॅनाइटवर हात ठेवला. थंडगार होतं. मी देवभोळा माणूस आहे. देवळाला कुणी चार पैसे दिले तर मला बरंच वाटतं. पण त्या घडीला देवीच्या दारात उभं राहून माझं डोकं असं भणभणलं की मनातल्या मनात तिची क्षमा मागावी लागली.

देवस्थान समितीचे अध्यक्ष लगबगीने आले. गाव त्यांना बाळाशेठ म्हणतं. हसरा, अघळपघळ माणूस. खुर्च्या मागवल्या, नारळपाणी मागवलं.

"ते शेंदराचे डाग कसं दिसायचं, सांगा बरं," ते म्हणाले. "वरपासून खालपरत वघळ. पावनं यायचं, नाक मुरडायचं. आता कसा शोभतो?"

"अहो, ते डाग नव्हते," देवधर म्हणाले. "ती नोंद होती. त्याच्यासाठी तर आम्ही आलो."

"तुम्ही ते इंटरनेटवाले हवामानवाले का?" बाळाशेठ खुर्चीतून उठलेच. त्यांनी देवधरांचा हात दोन्ही हातांत धरला. "मंग आधी नाय का सांगायचं. साहेब, तुमचा कागद आमच्या लय कामाला आला. खालच्या पाड्याची मानसं तक्रार घेऊन गेलती वरच्या साहेबांकडं, का तुमच्या भरावानं आमचे घरान पानी शिरला. आमच्या पोरानं तुमचं पान छापून नेला. विक्रमी पूर, हवामान बदल. साहेबानं वाचला नि म्हनला, निसर्गापुढं कोनाचा काय चालतो? संपला विषय."

मी नारळपाणी खाली ठेवलं.

कुठला भराव, हे विचारावं लागलं नाही. देवळाच्या मागेच दिसत होता. नदीकाठची भाताची सखल जमीन बाळाशेठच्या घरची. ती गोडाऊनला गेली आणि माणसापेक्षा उंच मुरूम टाकून त्यावर पत्र्याची लांबच लांब शेड उभी राहिली. आधी पुराचं पाणी त्या शेतांत पसरायचं. मधला ओढा आता दोन सिमेंटच्या पाइपांत कोंबलाय. पलीकडे, भरावाच्या पायथ्याशी, आदिवासी पाडा.

"दादा," अन्सारी मला हळूच म्हणाला, "त्या दिवशीचा पाऊस माझ्याकडे आहे. दो हजार पाँच के सामने कुछ भी नहीं था. मी तेव्हाच गटावर मेल टाकला होता."

"एका मापकावर जाता येत नाही," देवधर म्हणाले.

"आणि एका फोटोवर जाता येतं?" मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण बाळाशेठ आमच्याकडे बघू लागले.

आम्ही पाड्यावर चालत गेलो. देवधर मागून येत होते, पण आले.

पहिल्याच घरासमोर साठीची एक बाई सुपात नाचणी पाखडत होती. सुक्रीबाई. दगडावर रेघ ओढायचा मान तिच्या घराकडे. तिच्या सासूने ओढल्या, मग हिने. आम्ही कोण ते अन्सारीने सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजी त्यो कागद तुमचाच," ती म्हणाली. "बरा झाला आलाव. मी म्हनत व्हती, एवढा पानी बगनारी मानसं हायत तरी कशी. चांगली जाडीजुडी हायत की."

अन्सारीला हसू आवरेना. देवधर घाम पुसत राहिले.

"बाई, पाणी किती आलं होतं?" मी विचारलं.

"मोठ्या पुराला त्या चिचंपरत." तिने पाड्याच्या खालच्या अंगाची चिंच दाखवली; मोठा पूर म्हणजे २००५ चा. "आमचे घरान न्हाय आला. पाऊस तवा यापेक्षा कितीक मोठा. नि गेल्या साली ह्यो घरान आला. मी देव टोपलीत घातला नि आढ्याला बांधला. त्याला म्हनला, तू वर बस, आमचा आमी बगतो. मी नि सून, दोघी चुलीच्या वट्यावर उभ्या."

"आणि रेघ?"

"गेलती ना शेंदूर घेऊन. शेठचा पोर म्हनला, आजी, आता फरशी हाय, डाग पडंल." तिने पदराने हात पुसले. "मान आमचा हाय. दगड त्यांनी झाकला. मंग मी कुठं ओढू?"

ती आम्हाला दाराशी घेऊन गेली. लाकडी चौकटीच्या डाव्या बाजूला, माझ्या कमरेच्या उंचीवर, शेंदराची रेघ होती. पावसाने आणि हातांनी पुसट झालेली, पण सरळ. खाली हळदीकुंकवाची दोन बोटं.

देवधर वाकले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या हे एकच ठिकाण झालं. सरसकट निष्कर्ष..."

"देवधर, पुरे," मी म्हणालो. वडीलधाऱ्या माणसाला मी असं कधी बोललो नव्हतो. "एका फोटोवरून विक्रम लिहिताना तुम्हाला दुसरं ठिकाण लागलं नाही. या बाईच्या घरात पाणी कमरेला लागलं, तर आता दुसरं ठिकाण हवंय?"

सुक्रीबाईने आम्हाला कोरा चहा दिला. निघताना म्हणाली, "आमी परत अर्ज केलाय. पावसाआधी सुनावनीला बोलवनार हायत. तुमचा कागद आला व्हता, आता तुमी या."

परतीच्या रिक्षात लूमचा आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा अन्सारी म्हणाला, "मैं तो जाऊँगा. माझे आकडे घेऊन." देवधर रस्त्याकडे बघत होते.

मला राग कशाचा आला, ते घरी येऊन नीट कळलं. ग्रॅनाइटचा तर आलाच. देवीची साक्ष देवीच्याच नावाने पुसली. पण त्याहून जास्त राग आम्हा हौशी लोकांचा. हवामान बदलतंय हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच ते असं कुणाच्याही पापावर पांघरायला देता कामा नये. मुरूम आभाळातून पडला नव्हता. ओढा ढगांनी पाइपात घातला नव्हता. आम्ही घाईघाईने एक शब्द लिहिला आणि तो शब्द भराव टाकणाऱ्याच्या हातातला दाखला झाला.

मी गटावर हे सगळं लिहिलं. चार दिवस बोलाचाली झाली. कुणी म्हणालं, आपण राजकारणात पडायचं नाही. अखेर देवधरांनी पानावरचा 'विक्रमी' शब्द काढला आणि तिथे 'तपासणी बाकी' असं लिहिलं. मला ते पुरेसं वाटत नाही. त्यांना तसं कळवलंय. गावाचं नाव इथे एवढ्यासाठीच दिलं नाही, की आमच्या लिखाणातून छापलेलं आणखी एखादं पान पुन्हा भलत्याच माणसाच्या हाती लागू नये.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर उसळपाव जरूर खा, थंडीचे दिवस निवडा, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडी भट्टीसारख्या तापतात.

परवा सकाळी पूजेला बसलो होतो. काय वाटलं कुणास ठाऊक, उठलो आणि कमरेच्या उंचीवर भिंतीला हात लावत घरभर फिरलो. स्वयंपाकघरात तो हात ओट्याच्याही वर गेला. देवघरापाशी आलो तर बरोबर देवांच्या फळीवर. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सुनावणीची तारीख कळली की सांगा. डबा जास्तीचा देते, त्या बाईलाही होईल."